मुक्यानं बांधायचा पाला

आमच्या घरात सासरे दगडी खलात हिरवा पाला कुटायला बसले, की कुणी त्यांना काही विचारायचं नाही. त्यांच्याकडं पाहायचंही नाही. पाला सीताफळाचा आहे हे गावातल्या शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे, कारण बांधावरचं दिसेल ते ओरबाडणारी शेळी सीताफळाला मात्र तोंड लावत नाही. तरी आपण मान खाली घालून पुढं जायचं. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी, "मामा, काय करायलाव?" असं विचारलं होतं. सासूबाईंनी माझा दंड असा काही धरला, की पुढं कितीतरी दिवस ठणकत होता.

जनावराच्या जखमेत किडे पडले की लोक आमच्या दारात येतात. पार ढोकीकडनंसुद्धा येतात. सासरे चपला काढून अनवाणी माळावर जातात, सीताफळाच्या खोडाला हात लावतात आणि पाला तोडतात. तेव्हापासून जखमेवर फडकं बांधून होईपर्यंत ते मुके. कुणी मेलं तरी बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. पाल्यात आणखी काय घातलं तेही कुणाला सांगायचं नाही. एकदा तोंड उघडलं की गुण गेला, आणि त्या जनावराला त्या हातानं पुन्हा पाला लागू होत नाही, असं त्यांच्या वडिलांनी सांगून ठेवलेलं. बदल्यात चहासुद्धा घेत नाहीत.

मी कळंबच्या एका शाळेत क्लार्क आहे. पाल्यावर माझा विश्वास आहे. किडे वळवळत बाहेर पडताना मी डोळ्यांनी पाहिलेत. शेतात फवारायच्या दशपर्णी अर्कातही सीताफळाचा पाला असतोच. माझं भांडण आहे ते गप्प बसण्याशी. गप्प बसण्यानं किडे मरत असते, तर आमच्या भागातल्या सुनांनी आजवर सगळी रोगराई संपवली असती.

सासूबाईंचंही भांडण त्याच्याशीच, पण ते माझ्यापेक्षा जुनं आणि खोल आहे. त्यांचं पहिलं बाळंतपण घरीच झालं. मूल आडवं आलेलं, रक्त थांबेना. सुईण बाहेर येऊन सासऱ्यांना विचारायला लागली, "गाडी जुपायची का? दवाखान्यात न्यावं लागंल." सासरे तेव्हा दारात कुणाच्या तरी बैलाला पाला बांधत होते. ते बोलले नाहीत. त्यांनी मान खाली घालून फडक्याची गाठ मारली आणि मगच उठले. तोवर सासूबाईंच्या चुलत दिरानं गाडी जुपली होती. बाई वाचली, मूलही वाचलं. तो मुलगा म्हणजे माझा नवरा. पण सासूबाई आजही भाकरी थापता थापता म्हणतात, "म्या आत मरायली व्हते आन् हे बैलाची गाठ मारीत व्हते."

तेव्हापासून त्या दोघांचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून चालतं. "तुज्या सासूला म्हणावं, वैरण टाकली," "तुज्या मामास्नी म्हणावं, ताट वाढलंय," असं. दोघं चार हातांवर बसलेले असतात आणि मधे मी निरोप्या. पहिली काही वर्षं मला त्याचं हसू यायचं, नंतर राग यायला लागला, आता सवय झालीय.

यंदा दिवाळीच्या आधी सासूबाईंना ताप भरला. अंग मोडून आलं, डोळ्यांच्या मागं दुखायला लागलं. कळंबच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि डेंगू म्हणून सांगितलं. पेशी कमी झाल्या होत्या. "ॲडमिट करा," डॉक्टर म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "घरी गोठा हाय, सुगी हाय. म्या न्हाय ऱ्हायची." डॉक्टरांनी मग मला बाजूला घेऊन बजावलं, की रोज रक्त तपासायला आणायचं, आणि पोट दुखलं, उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं तर एक क्षण थांबायचं नाही. पपईच्या पाल्याचा रस द्यावा का, असं मी विचारलं. "द्यायचा तर द्या, पण त्याच्या भरवशावर घरी बसू नका," ते म्हणाले.

आम्ही नेमकं तेच करत होतो. नवरा ढोकीच्या कारखान्याला ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर. हंगाम सुरू झालेला, दिवसाउजेडी घरी येणं नाही. बेंबळीहून नणंद आली ती पपईच्या पानांची पिशवी भरूनच. त्यांच्याकडं पपईचा प्लॉट आहे. सकाळ-संध्याकाळ पानं मिक्सरला लावायची, फडक्यातून गाळायची, रस स्टीलच्या ग्लासात भरून फ्रीजमध्ये ठेवायचा. सासूबाई नाक दाबून पीत. मी उठता-बसता त्यांच्या हिरड्या बघायची. "तोंड काय बगतीस, म्हस इकत घ्यायलीस का?" त्या म्हणायच्या. मला हसू यायचं नाही. पेशी रोज थोड्या थोड्या उतरतच होत्या आणि या बाईला दवाखान्यात कसं न्यायचं ते मला कळत नव्हतं.

त्यात गाईचं निघालं. घरची देवणी गाय, गाभण. सासऱ्यांचा जीव तिच्यावर. गोठ्याच्या सुटलेल्या पत्र्यानं तिचं वशिंड कापलं होतं. सगळं घर तापाकडं बघत असल्यामुळं जखमेकडं लक्ष गेलं नाही आणि तिच्यात किडे पडले. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते दुसऱ्या गावात होते, उद्या सकाळी येतो म्हणाले.

सासऱ्यांनी माझा फोन ऐकला. चपला काढल्या आणि माळाकडं निघाले. सासूबाई ओसरीवर बाजेवर पडल्या होत्या. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "गेले का?"

"गेले."

"माज्या तापाला न्हाय गेले कुटं," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून पडल्या.

दुपार उतरायला आली होती. आज सासूबाई जरा जास्तच मलूल वाटत होत्या, बोलताना मधेच थांबत होत्या. संध्याकाळी रक्त तपासायला न्यायचंच होतं, पण तोवर वाट बघावी का, याच विचारानं माझं कशात लक्ष लागत नव्हतं. मी स्वयंपाकघरात मऊ भात शिजवत होते. नणंद मागच्या बाजूला कपडे धूत होती. मी तिला तिथूनच सांगितलं, की रस काढून ठेवलाय, हात मोकळे झाले की आईंना द्या.

बाहेर खलाचा आवाज सुरू झाला. थोड्या वेळानं थांबला. सासरे आत आले, माझ्याकडं न बघता मांडणीवरचा एक स्टीलचा ग्लास घेतला आणि निघून गेले. मला नवल वाटलं. जखमेत ओतायचा रस ते नेहमी गोठ्यातल्या करवंटीत गाळतात. ती करवंटी गाईच्या पायाखाली फुटली होती, हे मला मागाहून कळलं. त्या वेळी विचारता येत नव्हतं, म्हणून विचारलं नाही. मी भाताखालचा गॅस बारीक केला.

मग ते जखम धुवायला कोमट पाणी घेऊन गोठ्यात गेले. त्यांच्या रसाचा ग्लास ओसरीच्या कट्ट्यावर होता. धूळ पडू नये म्हणून वर ताटली झाकलेली. सासूबाईंच्या बाजेपासून हातभरावर.

नणंद ओले हात पदराला पुसत पुढच्या दारी आली. तिनं ताटली उचलून पाहिली. हिरवा रस, स्टीलचा ग्लास. "आज बाहीर कसा काय ठिवला?" असं तिच्या मनात आलं होतं, हे तिनंच नंतर रडत रडत सांगितलं. पण वडील मुक्यानं पाल्याला बसलेत हे तिला दिसत होतं, आणि अशा वेळी या घरात कुणी कुणाला काही विचारत नाही. लहानपणापासूनची शिस्त. तिनं आईला उठवून बसवलं.

मी भात उतरवून दारात आले तेव्हा ग्लास सासूबाईंच्या हातात होता. अंगणाच्या त्या टोकाला, गोठ्याच्या तोंडाशी सासरे उभे होते. त्यांच्या एका हातात ओलं फडकं होतं. त्यांनी दुसरा हात वर करून जोरात हलवला. नणंदेनं ते पाहिलं आणि झटकन मान फिरवली. मुक्या माणसाकडं बघायचं नसतं ना. त्यांनी पाय आपटला. फडकं जमिनीवर फेकलं. मला वाटलं, गाय बिथरली. मी गाईकडं पाहिलं तर ती शांत उभी होती आणि तिच्या वशिंडावरनं पाणी निथळत होतं. सासरे आमच्याकडं पळत यायला लागले. या वयात त्यांना पळताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. आवाज येत नव्हता.

सासूबाईंनी नाक दाबलं आणि ग्लास तोंडाला लावला.

"अगं, पिऊ नकं."

आवाज मोठा नव्हता. घोगरा, वापरात नसलेल्या दाराच्या कडीसारखा. पण अंगणात सगळं जागच्या जागी थांबलं. सासूबाईंचा हात तसाच राहिला. एक घोट गेला होता. त्यांनी ग्लास खाली घेतला आणि नवऱ्याकडं पाहिलं. इतक्या वर्षांत निरोप्याशिवाय आलेलं ते पहिलं वाक्य होतं. ते ऐकून त्या ग्लासाऐवजी त्यांच्या तोंडाकडंच बघत राहिल्या.

मी धावले. ग्लास हिसकावून घेतला, वास घेतला. पपईचा नव्हता. "मामा, यात काय काय हाय? नुसता पाला हाय का?"

ते कट्ट्याला धरून उभे होते, छाती वरखाली होत होती. त्यांनी एकदा गाईकडं पाहिलं. बोलल्यानं गाईपुरता गुण गेलाच होता; काय घातलं ते सांगितलं असतं तर वडिलांचं गुपितही गेलं असतं. मला ते कळत होतं आणि त्या क्षणी मला त्यांचा इतका संताप आला, की म्हातारा माणूस नसता तर मी दोन्ही खांदे धरून गदागदा हलवला असता.

"तंबाखू हाय," ते म्हणाले. "चुना हाय. तंबाखू लई हाय. किडं लई व्हते म्हणून जास्ती घातली."

नणंद पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी सासूबाईंना चूळ भरायला लावली, पुन्हा पुन्हा. उलटी करवावी असं मनात आलं, पण पेशी उतरलेल्या, आतून कुठं रक्त सुटलं तर? डॉक्टरांना फोन लावला. "उलटी करवू नका, काही पाजू नका, ताबडतोब घेऊन या, आणि तो ग्लास सोबत आणा," ते म्हणाले.

शेजाऱ्यांच्या बोलेरोत आम्ही त्यांना मागच्या सीटवर बसवलं. सासरे कधी गाडीत शिरले ते कळलंच नाही. ते अनवाणीच होते. सासूबाईंना घाम सुटला होता, तोंड पांढरं पडलं होतं, तोंडातून सारखी लाळ येत होती. रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेला. एका ट्रॉलीच्या मागं आम्ही अडकलो, ऊस दोन्ही बाजूंना लोंबत होता, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता आणि ट्रॉली जागा देत नव्हती. सासूबाईंनी ओकारी काढली. मी पदर पुढं धरला. बाहेर पडलेलं हिरवं पाणी मी पुन्हा पुन्हा पाहिलं, त्यात लाल काही आहे का ते. मला त्या हिरव्यात काही नीट दिसेना. असं भय मला माझ्या स्वतःच्या बाळंतपणातही वाटलं नव्हतं.

सासरे बोलत होते. सगळ्या रस्ताभर. "डोळं उगड. झोपू नकं. ती बग ट्रॉली. आता फाटा आला. आता आलंच कळंब. डोळं उगड म्हणलो ना." त्यांना एवढं बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. सासूबाई डोळे किलकिले करायच्या, पुन्हा मिटायच्या. एकदा मात्र त्या पुटपुटल्या, "उगडलंय की."

दवाखान्यात डॉक्टरांनी ग्लास पाहिला, वास घेतला आणि विचारायला सुरुवात केली. पानं किती, तंबाखू किती, चुना किती, पाणी घातलं का. मी उत्तर देऊ शकत नव्हते. सासरे पुढं झाले. त्यांच्या वडिलांनी कानात सांगितलेलं औषध त्यांनी नर्स, कंपाउंडर आणि दारातल्या दोन पेशंटांसमोर मोठ्यानं सांगितलं. तंबाखूची चिमूट केवढी ते हाताच्या बोटांनी दाखवलं. डॉक्टरांनी सलाईन लावलं, नाडीवर यंत्र लावलं. हिरड्या तपासल्या तेव्हा एका बाजूला बारीक रक्त दिसलं. "हे त्या रसामुळं नाही," डॉक्टर म्हणाले. "हे आज ना उद्या दिसणारच होतं. मी ॲडमिट करा म्हणत होतो ते यासाठीच." ज्या दवाखान्यासाठी मी इतके दिवस घसा फोडला, तिथं सासूबाई शेवटी तंबाखूच्या घोटानं पोचल्या. मला रडू आलं आणि मी ते बाहेरच्या नळावर जाऊन रडून घेतलं.

त्या वाचल्या. नाडी सकाळपर्यंत जागेवर आली. पेशी आणखी उतरल्या आणि मग चढायला लागल्या. नणंद पायाशी बसून माफी मागत होती तर म्हणाल्या, "रोजची पपई कडूझार लागायची. त्या दिशी वळखीची चव लागली. मिश्रीचं तोंड माजं, मला काय कळतंय."

ॲडमिट केल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले तेव्हा दार अर्धं उघडं होतं. आत दोघंच होते. सासरे स्टुलावर, सासूबाई उशीला टेकून. मी दारातच थांबले, कारण सासूबाई बोलत होत्या आणि निरोप द्यायला मला हाक मारली नव्हती.

"तवा का न्हाय बोललाव?" त्या विचारत होत्या.

सासऱ्यांनी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. "भ्यालो व्हतो," ते म्हणाले. "बैल परक्याचा. मेला तर काय तोंड दावू म्हणलं."

"आन् काल?"

"काल बी भ्यालोच की."

मी डबा घेऊन तिथंच उभी राहिले. भात गार झाला.

गाय जगली. जनावरांचे डॉक्टर सकाळी आले, जखम साफ केली, फवारा मारला, इंजेक्शन दिलं. सासऱ्यांनी तिला हात लावला नाही. आपला हात तिला आता लागू व्हायचा नाही यावर ते ठाम होते. ग्लास हिसकताना कट्ट्याजवळ सांडलेल्या रसावर मुंग्या फिरकल्या नाहीत, एवढं मात्र नणंदेनं मला मुद्दाम दाखवलं.

सासूबाई घरी आल्या. अंगात त्राण नव्हतं, दिवसभर ओसरीवर पडून असायच्या. त्या दिवसांत लांबच्या गावाहून एक शेतकरी बैल घेऊन आला. खांद्याला जू लागून जखम झालेली, किडे पडलेले. लांबून चालत आलेला माणूस, बैलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"माजा पाला उतरला," सासरे म्हणाले. "सांगून बसलोय सगळ्यास्नी."

"तुमच्या गाईपुरता उतरला आसंल," तो माणूस म्हणाला. "माज्या बैलाचं काय त्यात? तुमचं नाव ऐकून आलोय."

हे खरं होतं. त्यांच्याच नियमानं खरं होतं. सासरे घुटमळले. त्यांचा हात नकळत चपलेकडं गेला. मला वाटलं, गेले आता. मी सासूबाईंकडं पाहिलं. त्या बाजेवर उठून बसल्या होत्या.

"जावा की," त्या म्हणाल्या. माझ्याकडं न बघता, त्यांच्याकडं बघत. "जनावराला कशाला तकलीफ."

"आन् तू हाक मारलीस तर?" सासऱ्यांनी विचारलं.

सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग सासऱ्यांनी त्या माणसाला कट्ट्यावर बसवून घेतलं आणि पाल्यात काय काय घालायचं, किती घालायचं, किती वेळ कुटायचं, सगळं नीट सांगितलं. माळावरची झाडं बोटानं दाखवली.

"तुमीच तोडा, तुमीच बांदा," ते म्हणाले. "न्हायतर सरळ कळंबला डॉक्टराकडं न्या. मला आता गप बसायचं जमायचं न्हाय."

तो माणूस माळाकडं निघाला. सासूबाई पुन्हा आडव्या झाल्या आणि सासऱ्यांना म्हणाल्या, उन्हाची तिरीप तोंडावर येतीया, जरा बाज सरकवा.